नागपूर मेट्रोतील प्रवास: सेवा आणि सौजन्य

नागपूर मेट्रोविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात तिकिटाचे दर, दोन गाड्यांमधला वेळ, वर्धा मार्गावरचा दुमजली उड्डाणपूल आणि स्थानकांची सजावट यांचीच चर्चा अधिक आहे. मी सुभाषनगरहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, आणि तिथे गाडी बदलून अजनी चौकात नियमित ये-जा करणारा प्रवासी आहे, आणि या सेवेचे परीक्षण मला जरा निराळ्या अंगाने करावेसे वाटते. या गाडीत माणसाला माणसाशी नीट वागता येते का, आणि येत असेल तर आपण नागपूरकर तसे वागतो का, हा माझा प्रश्न आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. सोय आणि स्वच्छता या दोन्ही बाबतींत ही सेवा शहराने पाहिलेल्या इतर कोणत्याही सार्वजनिक वाहनापेक्षा सरस आहे. सौजन्याने वागण्यासाठी तिने आपल्याला जेवढी सवड करून दिली आहे, तिचा पुरता उपयोग मात्र आपण अजून केलेला नाही.

या शहराला मेट्रो नवी आहे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. ८ मार्च २०१९ रोजी खापरी ते सीताबर्डी हा टप्पा सुरू झाला, जानेवारी २०२० मध्ये सीताबर्डी ते लोकमान्यनगर ही मार्गिका आली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर या दोन्ही दिशांचे उरलेले भाग खुले झाल्यावर सुमारे ४० किलोमीटरचे जाळे पूर्ण झाले. मुंबईकराला लोकलमधले वागणे शिकायला दीडशेहून अधिक वर्षे मिळाली. दारात कुणी उभे राहायचे, उतरणाऱ्याने किती आधी पुढे सरकायचे, तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू कसे द्यायचे, हे तिथे कुणी लिहून ठेवलेले नाही, पण प्रत्येकाला ठाऊक असते. नागपूरकराच्या वाट्याला आली ती सिटी बस, सायकलरिक्षा आणि सवारी घेणारा ऑटो.

त्या ऑटोने आपल्याला काहीच शिकवले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तिघांच्या जागेत चौघे बसलेले असताना ‘थोडं सरकून घ्या ना भाऊ’ म्हटले की लोक कुरकुर न करता सरकतात, मागे बसलेल्याचे पैसे हातोहात चालकापर्यंत पोचवतात, कुणाच्या भाजीच्या पिशवीला पायाशी जागा करून देतात, आणि अनोळखी बाईचे मूल निःसंकोचपणे मांडीवर घेतात. इतवारीपासून महालापर्यंतच्या त्या एवढ्याशा प्रवासात समोरच्याचे गाव, मुलाची नोकरी आणि मुलीचे लग्न यांची विचारपूस होऊन जाते. हे विदर्भाचे सौजन्य आहे, आणि ते जवळिकीतून येते. मेट्रो जे सौजन्य मागते ते अंतर राखण्याचे आहे: दुसऱ्याला त्याच्या जागेत, त्याच्या शांततेत राहू देणे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणे, आणि ज्याच्याशी आपण एक शब्दही बोलणार नाही अशा माणसाचाही विचार करणे. पहिले आपल्या अंगवळणी पडलेले आहे, दुसरे आपण आत्ता कुठे शिकतो आहोत.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. तीन डब्यांची वातानुकूलित गाडी, भिंतीला लागून समोरासमोर असलेली लांब आसने, मधे उभे राहायला मोकळी जागा, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतील घोषणा, अंध प्रवाशांच्या पायांना समजावी अशी फलाटावरची उठावदार पिवळी पट्टी, आणि चाकाच्या खुर्चीला सहज जाता येईल अशी रुंद फाटके: या साऱ्यांत दुर्बळ माणसाचा विचार आधी केलेला दिसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना घामाघूम माणूस गाडीत शिरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण दोन स्थानकांत उतरतो, आणि तो शेजाऱ्याशी जरा मऊपणे बोलू लागतो. दुपारी भर उन्हात, खचाखच भरलेल्या गरम बसमध्ये कुणाकडून सभ्यपणाची अपेक्षा करणे हेच मुळात कठीण असते. माणसे उद्धट असतात म्हणून नेहमी भांडतात असे नाही; पुष्कळदा ती थकलेली, उकडलेली आणि उशीर झालेली असतात. मेट्रोने ही तिन्ही कारणे बऱ्याच अंशी दूर केली, हे तिचे सर्वांत मोठे काम आहे असे मी मानतो.

कर्मचाऱ्यांच्या वागण्याला मी पूर्ण गुण देईन. सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी ‘बॅग इकडे ठेवा, काका’ असे सांगण्याची त्यांची रीत, तिकीट-खिडकीवर महाकार्डात, म्हणजे मेट्रोच्या प्रवास-कार्डात, पैसे कसे भरायचे हे तिसऱ्यांदा विचारणाऱ्या गृहस्थांना तितक्याच शांतपणे समजावणे, आणि फाटकातून कार्ड चालले नाही तर गोंधळलेल्या माणसाला बाजूला घेऊन मदत करणे, हे सारे मी वरचेवर पाहिले आहे. यांतला एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांपैकी अनेक जण आता रेल्वे स्थानकावरून मेट्रो पकडतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा तो मेट्रोतला पहिलाच प्रवास असतो. सीताबर्डीच्या स्थानकात सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी पांढरे लुगडे नेसलेल्या एक आजी थबकल्या होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चपला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, पायरी सरकताना दिसली आणि पाऊल मागे घेतले. मागे गर्दी साचत होती. निळ्या गणवेशातली एक तरुण कर्मचारी पुढे आली, तिने आधी पिशवी आपल्या खांद्याला लावली, मग आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘चपला घाला, आजी. घाई नाही. मी म्हणेन तवाच पाय उचला.’ आजींच्या मागे उभ्या असलेल्या एका मध्यमवयीन माणसाने, कुणी सांगितलेले नसताना, दोन्ही हात बाजूला पसरून मागची गर्दी अडवून धरली. तो कुणावर ओरडला नाही, नुसता उभा राहिला. तीन-चार पायऱ्या तशाच रिकाम्या वर गेल्या, मग दोघी एकदम चढल्या. वर पोचल्यावर आजींनी त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि ‘जय भीम, माय’ म्हणाल्या. मागच्या एवढ्या गर्दीतून कुणाच्याही तोंडून ‘लवकर चला’ हे शब्द निघाले नाहीत. त्या दिवशी या स्थानकात मेट्रोची शिस्त आणि आपली आपुलकी एकाच वेळी हजर होती, आणि त्या दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

आसन देण्याचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आसने राखून ठेवलेली आहेत, तशी चित्रेही लावलेली आहेत, आणि तरीही त्या आसनांवर कानांत इअरफोन घालून, मान खाली घालून बसलेले धडधाकट तरुण दिसतात. त्यांतले बरेचसे दुष्ट नसतात. त्यांनी नजर वर केलेली नसते, इतकेच. परंतु राखीव आसनावर बसणाऱ्याने प्रत्येक स्थानकावर एकदा दाराकडे पाहावे, ही त्या आसनाची किंमत आहे असे मी समजतो. ज्याला ती द्यायची नसेल त्याने दुसरीकडे बसावे. वृद्धाला किंवा गरोदर बाईला स्वतःच्या तोंडाने जागा मागायला लावणे हा त्यांचा उपमर्द आहे, मग मागितल्यावर ती कितीही तत्परतेने दिली तरी.

जागा देण्याचीही एक तऱ्हा असते. ‘अहो आजोबा, बसा, तुमचं वय झालं’ असे सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून उठणारे असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्या साठीतल्या गृहस्थांनी त्याच सकाळी अंबाझरीला पाच किलोमीटर फेरी मारलेली असते, त्यांना ते बोचते, आणि ते ‘नको, नको’ म्हणत उभेच राहतात. मग आग्रह सुरू होतो, रिकाम्या आसनाभोवती दोघे अवघडून उभे राहतात, आणि तेवढ्यात तिसराच कुणी येऊन बसतो. शंकरनगर चौकात चढलेल्या एका काठी टेकणाऱ्या वृद्धाला पाहून एक कॉलेजचा मुलगा उठला, काही न बोलता दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, जणू त्याचे स्थानक आलेच आहे. वृद्ध बसले. मुलगा पुढे वासुदेवनगरला उतरला. दिलेल्या गोष्टीचे ओझे घेणाऱ्यावर पडू न देणे ही सौजन्याची फार वरची पायरी आहे, आणि ती त्या मुलाला कुणी शिकवली असेल तर त्या घराचे मला कौतुक वाटते. त्याच न्यायाने घेणाऱ्यानेही पहिल्या विनंतीलाच बसून घ्यावे असे माझे मत आहे. नकार देणे हा विनय आहे अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षात त्याने उठलेल्या माणसाची पंचाईत होते.

ऑटोतली रीत मेट्रोत येताना कशी बदलते हेही पाहण्यासारखे आहे. कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला बसलेली बाई सहजपणे म्हणते, ‘द्या त्याले माझ्यापाशी.’ पूर्वी मूल लगेच दिले जाई. आता तरुण आई जरा घुटमळते, हसून ‘राहू द्या काकू’ म्हणते, आणि काकूंना ते थोडे लागते. मला दोघींचेही बरोबर वाटते. अनोळखी हातात मूल न देण्याचा आईचा अधिकार आहे, आणि काकूंचा हात पुढे येणे हे या मातीचे लेणे आहे. अशा वेळी काकूंनी मूल मागण्याऐवजी जागा द्यावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. पुष्कळ काकू आता तसेच करू लागल्या आहेत.

दारापाशी मात्र आपण फारच कमी पडतो. गाडी प्रत्येक स्थानकावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबते. तेवढ्या वेळात उतरणारे आधी उतरले, तर चढणाऱ्यांना जागा आपोआप होते. चढणारे आधी घुसले, तर दोन्ही प्रवाह दारात अडकतात आणि कुणाचेच काम होत नाही. हे साधे गणित आहे, तरीही सीताबर्डीला संध्याकाळी सहाच्या सुमारास फलाटावरचे लोक दाराच्या मधोमध उभे असतात. ‘अरे भाऊ, उतरू दे ना आधी’ हे वाक्य मी तिथे वारंवार ऐकतो, आणि ते बहुतेकदा रागाने नव्हे तर कळवळून म्हटलेले असते. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून मधली वाट मोकळी ठेवायची, एवढेच करायचे आहे. महाविद्यालयीन मुले हे पटकन शिकली. माझ्या वयाच्या लोकांनी त्यांच्याकडून ते शिकावे.

लिफ्टविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. नागपूरची मेट्रो बहुतांश उन्नत मार्गावर धावते, त्यामुळे फलाट रस्त्यापासून बराच उंच असतो, आणि ज्याला जिना चढता येत नाही त्याच्यासाठी लिफ्ट ही सोय नव्हे, गरज आहे. लिफ्ट आकाराने मर्यादित असते. तिच्यासमोर पाठीवर दप्तर लावलेले सात-आठ तरुण आधीच उभे असतील, तर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस किंवा गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन आलेली बाई पुढच्या फेरीची वाट पाहते, आणि तेवढ्यात तिची गाडी निघून जाते. सरकता जिना दहा पावलांवर असतो. इथे कुणी कुणाला धक्का मारत नाही, कुणी अपशब्द बोलत नाही, सगळे हसतखेळत उभे असतात, आणि म्हणूनच आपल्या हातून काही चुकते आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. असभ्यपणा नेहमी आरडाओरड्यानेच होतो असे नाही. न पाहण्यानेही होतो. स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांनी गर्दीच्या वेळी लिफ्टपाशी उभे राहून चार दिवस नुसती विनंती केली, तरी पुष्कळ फरक पडेल असे मला वाटते.

मोबाइलबद्दल थोडक्यात. रील मोठ्या आवाजात लावणे, स्पीकरवर बोलणे, व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्या बाकावरची माणसे दिसत राहतील असा फोन धरणे, या तिन्ही गोष्टींना माझा स्पष्ट विरोध आहे. आपला आवाज मुळात मोठा आहे, घरातही आपण अंगणातून बोलल्यासारखे बोलतो, हे मला मान्य आहे. त्यामुळे दोन मित्र मोठ्याने हसले तर मला त्रास होत नाही. पण त्या हसण्यात निदान माणसे असतात. फोनमधून वाजणाऱ्या गाण्याला ऐकणारा एक आणि सोसणारे चाळीस, हे कोणत्याही अर्थाने न्याय्य नाही. नम्रपणे सांगितले तर ऐकतात, हा माझा अनुभव आहे. ‘दादा, जरा कमी करता का?’ असे विचारले की दहापैकी नऊ जण ओशाळून आवाज बंद करतात. डोळे वटारले की तेच लोक अडून बसतात.

खर्ऱ्याचा विषय टाळून नागपुरातल्या कोणत्याही सार्वजनिक सेवेचे परीक्षण पुरे होणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा पदार्थ या शहराच्या भिंतींवर, जिन्यांच्या कोपऱ्यांत आणि दुभाजकांवर आपली खूण ठेवून गेला आहे. मेट्रोच्या स्थानकांत ती खूण जवळजवळ दिसत नाही. तपासणीत पुड्या बाहेर ठेवाव्या लागतात हे एक कारण आहेच, परंतु तेवढेच नसावे. जो माणूस एखाद्या कार्यालयाच्या जिन्यात बिनदिक्कत थुंकतो, तोच मेट्रोच्या फलाटावर रस्त्यापर्यंत तोंड आवळून धरतो, कारण स्वच्छ फरशीवर पहिला डाग आपला असावा असे कुणालाच वाटत नाही. रोज पुसणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांचा यात मोठा वाटा आहे. त्यांच्या पुसत असलेल्या जागेवरून चालताना क्षणभर थांबून बाजूने जाणारे प्रवासी मला अजून कमीच दिसतात, आणि हे खटकते.

कायद्याचे पाठबळ आहेच. मेट्रो रेल्वे (प्रचालन व देखभाल) अधिनियम, २००२ नुसार नशेत असणे, शिवीगाळ करणे, उपद्रव देणे किंवा सहप्रवाशांच्या सोयीत मुद्दाम अडथळा आणणे यांसाठी दंड होतो आणि गाडीतून उतरवलेही जाते. पण कायदा जिथे संपतो तिथून सौजन्याचा प्रांत सुरू होतो. लिफ्टमध्ये आधी शिरल्याबद्दल कुणाला दंड करता येत नाही, आणि करूही नये.

दुसऱ्या टप्प्यात ही मेट्रो कन्हान, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या दिशेने वाढते आहे. त्या बाजूंनी कारखान्यांतले कामगार पाळी संपवून येतील, गावांकडून बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन येतील, आणि आज निवांत वाटणाऱ्या डब्यांत खरी गर्दी होईल. टोपली घेऊन आलेल्या बाईकडे नाक मुरडून पाहणारी नजर मला आजही कधीकधी दिसते, आणि मला सर्वांत जास्त चीड तिची येते. तिकीट तिनेही तेवढेच काढलेले असते. मेट्रोच्या चकचकीतपणामुळे ती गाडी फक्त नीटनेटक्या कपड्यांतल्या माणसांची आहे असा समज होऊ लागला, तर रांग, शांतता आणि स्वच्छता यांना काही अर्थ उरणार नाही.

घरातल्या ज्येष्ठांना घेऊन पहिल्यांदा प्रवास करणार असाल, तर सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ निवडावी. सीताबर्डीला मार्गिका बदलताना मजलाही बदलतो, त्यामुळे हातात दहा मिनिटे अधिक ठेवावीत आणि लिफ्ट कुठे आहे हे उतरल्याबरोबर कर्मचाऱ्यांना विचारावे. ते बहुधा नुसते बोट दाखवत नाहीत, सोबत चालत येतात. सायकल न्यायची असेल तर ती डब्याच्या टोकाला, दार सोडून उभी करावी. सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. प्रवाशांना आज तीन देतो, आणि दरवर्षी त्यात थोडी भर पडताना दिसते आहे.